काजळ मोठं की आरसा

मी चिडका माणूस आहे. तरुणपणी याहून चिडका होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं त्याची सुरुवात माझ्या चिडण्यातूनच झाली.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. बेळगावात खडेबाजाराच्या मागच्या एका बोळात लहानसा छापखाना होता आणि तिथं मी खिळे जुळवायचो. खिळे म्हणजे शिशाची सुटी अक्षरं. लाकडी खणांतून एकेक उचलायचं, उलटं वाचत ओळीत बसवायचं, ओळींचं पान करायचं, पान दोऱ्यानं बांधून मशीनवाल्याकडं द्यायचं. छापून झालं की तीच अक्षरं सोडवून पुन्हा आपापल्या खणात टाकायची. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, जत्रांची हँडबिलं, निपाणीकडच्या एका विडी कारखान्याची लेबलं, असलं काम. आणि तीन-चार महिन्यांतून एकदा जादूच्या गोष्टीचं बत्तीस पानी पुस्तक. ते जत्रेत आणि एसटी स्टँडवर खपायचं.

या पुस्तकांचे लेखक संकेश्वराकडचे एक निवृत्त तलाठी होते. मी त्यांना आप्पा म्हणायचो. सरकारी फॉर्मांच्या कोऱ्या पाठीवर बारीक अक्षरात गोष्ट लिहून ते स्वतः एसटीनं घेऊन यायचे. गोष्ट अशी, की एका ऋषीचे पाच शिष्य. ऋषी हिमालयात जाताना प्रत्येकाला एक वस्तू देतो. पहिल्याला काजळ, ते डोळ्यांत घातलं की माणूस कुणाला दिसत नाही. दुसऱ्याला उडणारी घोंगडी. तिसऱ्याला डुगडुगी, ती वाजली की ऐकणारा जागच्या जागी थिजतो. चौथ्याला लिंबू, त्यानं कसलीही जखम भरते. पाचव्याला आरसा. मनात एखादं माणूस धरून त्यात बघितलं की ते माणूस जिथं असेल तिथं दिसतं. मग हे पाचजण पुस्तकामागून पुस्तक एकमेकांशी भांडतात.

मी चिडायचो तो इथं. आप्पा मागच्या पुस्तकात काय लिहिलं ते पुढच्या पुस्तकात साफ विसरायचे. अक्षर न् अक्षर माझ्या बोटांखालून गेलेलं, त्यामुळं माझ्या सगळं ध्यानात राहायचं. तिसऱ्या पुस्तकात डुगडुगी वाजवणारा स्वतः थिजत नाही, चौथ्यात थिजतो. एकदा मी त्यांना धरलंच.

"आप्पा, डुगडुगी वाजवणाऱ्याला ऐकू येतं का न्हाय?"

"येतं की."

"मग त्यो का थिजत न्हाय?"

"अरं, जादू हाय ती. जादूला कुठला आलाय कायदा?"

"कायदा नसंल तर काजळवाला हरतोय कशाला? दिसतच न्हाय त्यो. त्येनं सगळ्यांना मागनं येऊन बडवायचं."

आप्पांनी तपकिरीची चिमूट नाकात भरली आणि माझ्याकडं दयेनं बघितलं. "तू लई इचार करतोस बघ," ते म्हणाले, "लगीन कर."

लग्न केलं नाही. वही केली. शंभर पानी वही घेऊन मी त्या पाच वस्तूंचे कायदे लिहायला बसलो. एक वस्तू दुसरीला भिडली तर काय होईल, याची दहा जोडपी होतात. काजळ आणि घोंगडी. घोंगडी आणि डुगडुगी. डुगडुगी आणि लिंबू. थिजलेल्या माणसाला सुरी मारली तर रक्त तेव्हाच येईल की तो हलायला लागल्यावर? आणि लिंबू तेव्हा पिळायचं की नंतर? खानावळीत जेवताना, अनगोळहून बाजारात चालत येताना माझ्या डोक्यात हेच. शेजारच्या माणसाला कळलं असतं तर त्यानं मला धारवाडच्या वेड्यांच्या इस्पितळात पोचवलं असतं. पण शेजारी बोलणारं कुणी नव्हतं, त्यामुळं कळायचा प्रश्न नव्हता.

अनगोळात मी एका खोलीत भाड्यानं राहायचो. आईवडील वारले होते. थोरला अण्णा खानापूरकडं आमच्या गावी शेती करायचा; त्याचं माझं बोलणं दिवाळीपुरतं. भिंतीपलीकडं घरमालकाचा संसार होता. त्यांची भांडी, त्यांची भांडणं, पोरांचे पाढे मला सगळं ऐकू यायचं. रविवारी छापखाना बंद असला की मी सकाळपासून ते ऐकत बसायचो. त्या दिवसांत मी फार एकटा होतो. तेव्हा हे कबूल केलं नसतं; उलट माणसांचा कंटाळा येतो म्हणून ऐटीत सांगितलं असतं.

आता आमच्या धंद्यातली एक पद्धत सांगतो. पुस्तक बत्तीस पानांचंच व्हायचं, पण गोष्ट काही मापानं येत नाही. ती शेवटच्या पानाच्या मध्येच कुठंतरी संपायची आणि खाली जागा उरायची. तिथं वेलबुट्टीचे ठोकळे लावायचे आणि पान भरायचं. हे काम कंपोझिटरच्या, म्हणजे खिळे जुळवणाऱ्याच्या, अखत्यारीतलं. छापखान्याचे मालक तिकडं बघायचेही नाहीत. सहाव्या पुस्तकाच्या वेळी अर्धं पान उरलं आणि मी वेलबुट्टीऐवजी माझ्या वहीतलं एक कलम जुळवलं. वर ठळक टाइपात 'शंकासमाधान'.

'शंका : काजळ लावून घोंगडीवर बसल्यास घोंगडी दिसेल काय? उत्तर : अंगाला लागून असलेली व अंगापेक्षा लहान वस्तू माणसाबरोबर दिसेनाशी होते. घोंगडी मोठी असल्यामुळे ती दिसेल. बघणाऱ्यास रिकामी घोंगडी उडत चालली आहे असे वाटेल.' आणि खाली, 'वाचकांनी आपल्या शंका छापखान्याच्या पत्त्यावर पाठवाव्यात.'

मालकांनी छापील पान बघितलं. "जागा भरली न्हवं? मग बास," म्हणाले.

दोन महिन्यांनी एक पोस्टकार्ड आलं. निपाणीचा शिक्का. पेन्सिलीनं लिहिलेलं, खाली नाव नाही, पत्ता नाही.

'घोंगडीचं उत्तर वाचलं. पण काजळवाल्यानं घोंगडी अंगावर पांघरून घेतली तर ती कापडात धरायची का न्हाय? शर्ट पण अंगाला लागून असतो. आणि पांघरली तर उडती का? मी सातवीत होते, आता घरी असते.'

मी ते कार्ड उभ्याउभ्या चार वेळा वाचलं. पांघरलेली घोंगडी! हे मला सुचलं नव्हतं. शंभर पानी वही भरत आली होती आणि निपाणीत बसलेल्या एका मुलीनं दोन ओळींत माझा कायदा फाडून माझ्या हातात दिला होता. मला इतका आनंद झाला, की मशीनवाल्याला चहा पाजला. तो बिचारा कशाबद्दल म्हणून विचारत राहिला.

सातव्या पुस्तकात मी उत्तर दिलं : पांघरलेली घोंगडी कापडात धरावी, ती दिसणार नाही, मात्र कापड झालेली घोंगडी उडणार नाही, दोन्ही कामं एका वेळी करायची नाहीत. त्यावर तिचं कार्ड आलं : 'हे पटलं. दोन कामं एका वेळी केली की दोन्ही बिघडत्यात. आक्का पण असंच म्हणती.' आणि पुढची शंका : 'डुगडुगी बहिऱ्याला लागू होत नसंल तर कानात कापूस घालणाऱ्याला होती का?' आठव्या पुस्तकात त्याचं उत्तर. मग लिंबाचं. 'लिंबू कापताना बोट कापलं तर तेच लिंबू चालंल का दुसरं आणायचं?' यावर मी आठवडाभर डोकं खाजवत होतो.

असं वर्ष-सव्वा वर्ष चाललं. एका पुस्तकात एक उत्तर, त्यावर एक कार्ड. आप्पा लिहून आणायचे ती गोष्ट आता मला नुसतं ओझं वाटायची. ती लवकर संपून खाली जागा उरावी म्हणून मी दोन परिच्छेदांतलं अंतरसुद्धा कमी करायचो. अख्ख्या जगात मला पत्र लिहिणारं माणूस हेच, आणि तिला मी कोण हे ठाऊक नव्हतं. मालकाला, लेखकाला की खुद्द ऋषीला लिहितेय असं तिला वाटायचं, देव जाणे. मला तेवढ्यानंही चालत होतं.

एक कार्ड फाटलेलं आलं. मधोमध फाटलेलं आणि मागून कागदाची पट्टी डकवून जोडलेलं. पट्टी बघितली तर आमच्याच छापखान्यातलं विडीचं लेबल. कोपऱ्यातल्या फुलाच्या ठोकळ्याची एक पाकळी तुटलेली होती; तो ठोकळा माझ्याच हातून पडला होता. तो कारखाना विड्या वळायला घरोघरी द्यायचा आणि बंडलावर लेबलं डकवायचं कामही घरीच व्हायचं. म्हणजे ही मुलगी शाळा सोडून घरी बसून माझी लेबलं डकवत होती. मला ते बरं वाटलं की वाईट, हे आजही सांगता येणार नाही.

त्या फाटक्या कार्डावर शंका होती ती अशी :

'जे माणूस काजळ लावून लांब गेलंय ते आरशात बघितलं तर दिसतं का न्हाय? काजळ मोठं का आरसा मोठा? हे लवकर सांगा.'

'लवकर' हा शब्द तिनं आधी कधी लिहिला नव्हता. मी तो वाचला आणि त्यावरून पुढं गेलो. कारण शंकाच तशी होती. दहा जोडप्यांतलं सगळ्यांत अवघड जोडपं! काजळाचा सगळा जोर न दिसण्यात आणि आरशाचा सगळा जोर दाखवण्यात. एकाला जिंकवलं की दुसरं निकामी. आप्पांनी दोन पुस्तकांत दोन्ही लिहून ठेवलं होतं, त्यांना विचारण्यात अर्थ नव्हता. मी वही काढली आणि खूप विचार करून पाच ओळींचं उत्तर लिहिलं. मला ते अजून पाठ आहे.

'काजळ ही आरशापेक्षा जुनी विद्या आहे. काजळ लावलेले माणूस आरशात दिसणार नाही. मात्र आरशात बघणारा त्या माणसास दिसत राहतो, ते माणूस कितीही लांब असो. म्हणून काही दिसले नाही तरी आरसा ठेवून देऊ नये.'

दुसऱ्या भागाचा मला जास्त अभिमान होता. त्यात आरशाची अब्रू राहत होती. आरसा हरला, पण निकामी झाला नाही.

आणि नेमकं त्याच पुस्तकात आप्पा लांबले. शेवटच्या पानावर 'समाप्त' टाकल्यावर खाली जागा उरली फक्त शीर्षक आणि दोन ओळींची. मी पानाशी झटापट केली. अंतरं काढली, 'समाप्त'खालची रेघ काढली. तिसरी ओळ काही बसेना. पुढच्या पुस्तकापर्यंत थांबायचं तर चार महिने. तिनं 'लवकर' म्हटलं होतं. मशीनवाला पानासाठी डोक्यावर उभा होता. मग मी पहिल्या दोन ओळी ठेवल्या आणि खालच्या तीन ओळींचे खिळे सोडवून खणात टाकले. कायदा पहिल्या दोन ओळींत होता ना! खालचं पुढच्या वेळी टाकू, असं मनाशी म्हटलं.

पुस्तक गेलं. सहा आठवड्यांनी कार्ड आलं.

'उत्तर वाचलं. दोन वर्षांमागं आमची आई कुणाला न सांगता घरातनं गेली. तिचा आरसा खिळ्याला होता, त्यात मी रोज तिला मनात धरून बघत होते. ती दिसत नव्हती. मला वाटायचं आपलंच चुकतंय. आता कळलं. तिनं काजळ लावलं असणार. आरसा आक्काच्या ट्रंकेत ठेवून दिला. आता शंका न्हायीत. नमस्कार.'

मी खाली बसलो. मालकांनी विचारलं, "काय रं, कुणी गेलं काय?" मी न्हाय म्हटलं. मग मोरीवर जाऊन तोंड धुतलं, पुन्हा खिळ्यांच्या लाकडी केससमोर उभा राहिलो, पण मला खण सापडेनात. बारा वर्षं ज्या खणांत डोळे मिटून हात घातला ते खण सापडेनात.

ती जादूबद्दल विचारत नव्हती हे मला कळायला हवं होतं. निदान 'लवकर'वरून. एखादी मुलगी वर्षभर घोंगडी, डुगडुगी, लिंबू असं हळूहळू विचारत येते ती कुठं येते आहे, हे डोकं असलेल्या माणसाला समजलं असतं. मला डोकं नव्हतं, फक्त कायदा होता. आणि ज्या तीन ओळी तिच्यासाठी होत्या त्याच मी सोडवून खणात टाकल्या होत्या.

त्या ओळी आता छापायच्या एवढंच माझं ध्येय झालं. पण आप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. मालक म्हणाले, "ते पुस्तक आता साकु, बास झालं. गठ्ठे पडून हायत माळ्यावर."

"एक हँडबिल तरी काढू या, मालक. लहान."

"कशाचं?"

काय सांगणार? मी पुन्हा हातातल्या ओळीकडं वळलो.

एका रविवारी एसटी पकडून निपाणीला गेलो. ज्या गल्ल्यांत विड्या वळतात त्या विचारत विचारत फिरलो. दारोदार बायका मांडीवर सूप घेऊन बसलेल्या, पोरी पाठीशी पाठ लावून लेबलं डकवतायत. तंबाखूनं मला शिंकांवर शिंका येत होत्या आणि बायका हसत होत्या. एका म्हातारीनं विचारलं, "कुणाचं घर बघतोयस बाबा?" ज्या घरातली बाई न सांगता निघून गेली ते घर कुठलं, असं विचारायचं होतं. असं परक्या पुरुषानं परक्या गल्लीत विचारलं तर त्या घराची काय शोभा होईल? आणि मुलीची? मी म्हटलं, "चुकलो वाटतं, आक्का," आणि परत फिरलो. स्टँडकडं येताना एका दारातली एक परकरी पोर लेबलाच्या गठ्ठ्यावरून मान वर करून माझ्याकडं बघत होती. तीच असेल असं वाटलं. पुढच्या दारातल्या पोरीकडं बघूनही तेच वाटलं.

पावसाळा सरला आणि विडी कारखान्याची लेबलांची ऑर्डर आली. नेहमीचंच काम. वर छापाचं चित्र, मध्ये कारखान्याचं नाव, कोपऱ्यांत फुलं आणि अगदी तळाशी सगळ्यांत बारीक टाइपात आमच्या छापखान्याचं नाव-गाव. ती तळाची ओळ कुणी वाचत नाही. मालकही प्रूफ बघताना वरचं बघून सही करायचे.

छापखान्याचं नाव मी काढलं. त्याच मापात, त्याच बारीक टाइपात दुसरी ओळ जुळवली. या वेळी आधी मोजली, मग जुळवली. एक कोरा खिळा उरला नाही की कमी पडला नाही.

'आरशात बघणारा तिला दिसतो. आरसा ठेवून देऊ नये.'

मालकांनी सही केली. हजारो लेबलं छापून, कापून, गठ्ठे बांधून निपाणीला गेली. माझी नोकरी जाईल हे मला ठाऊक होतं. तरी त्या आठवड्यात मला फार हलकं वाटत होतं. रविवारी घरमालकाच्या पोराला मी आपण होऊन हाक मारली आणि तेराचा पाढा म्हणायला लावला.

महिन्याभरात कारखान्याचा दिवाणजी एका हातात लेबलं आणि दुसऱ्या हातात छत्री घेऊन दारात उभा.

"मालक, ह्ये काय छापलंय? बाया लेबलं डकवंनात झाल्यात!"

"का?"

"म्हणत्यात, ह्यो मंतर हाय. कुणीतरी करणी केलीया. चार घरांत आरसे फोडल्यात. दोन घरांत हळदकुंकू लावून पूजा केलीया. एक म्हातारी तर कारखान्यात येऊन इचारती, तिला म्हंजी कुणाला?"

मालकांनी लेबल डोळ्यांशी नेलं. तळाची ओळ वाचली. मग माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली नाही. आरसे फुटल्याचं तेवढं मनातून जाईना. त्यातला एक तिचा असला तर?

उरलेला सगळा माल परत आला. दिवाणजी गेल्यावर मालकांनी विचारलं, "का केलास?" मी म्हटलं, "एक उत्तर राहिलं होतं." त्यांनी हातातलं लेबल फळीवर उलटं ठेवलं. माणूस वाईट नव्हता. पण गिऱ्हाईक गेलं होतं आणि खडेबाजारभर हसं झालं होतं. "उद्यापासनं येऊ नगंस," ते म्हणाले.

शनिवारी मी माझी स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची पट्टी, आणि डबा न्यायला गेलो. मालकांनी गल्ल्याच्या फळीवरून एक पोस्टकार्ड उचलून माझ्याकडं सरकवलं. "ह्ये तुझंच असंल. शिक्का निपाणीचा हाय."

मी ते बोळाच्या तोंडाशी उभा राहून वाचलं.

'लेबल वाचलं. गल्लीत सगळी भ्याली. आक्कानं गठ्ठा चुलीत घातला, मी एक काढून ठेवलं. ते मंतर न्हाय, माझं उत्तर हाय, हे मी कुणाला सांगितलं न्हाय. आरसा ट्रंकेतनं काढला आणि परत खिळ्याला लावला. आता एकच शंका हाय. मी तिला दिसत असंन तर आरशात बघताना रडायचं नसतं का? कारण तिला दिसंल. आज पतुर मी रडत होते. आता कसं करू ते सांगा. पुस्तकात नको, लेबलावरच सांगा. पुस्तक आमच्याकडं येत न्हाय आता.'

बाजाराच्या गर्दीत मी तसाच उभा होतो. हमाल 'बाजूला व्हा, बाजूला व्हा' करत होते. उत्तर मला तिथंच सुचलं होतं, विचार करायचं कामच नव्हतं. पण ते द्यायला जागा नव्हती. लेबल गेलं होतं, पुस्तक गेलं होतं, नोकरी गेली होती. तिचं नाव मला माहीत नव्हतं आणि माझं तिला. मी परत आत जाऊन मालकांच्या पाया पडलो असतो तरी त्यांनी मला एक ओळ दिली नसती, आणि त्यांचं चुकलंही नसतं.

पुढं मला हुबळीच्या एका छापखान्यात काम मिळालं. तिथं सगळं कन्नड. मी ती अक्षरं शिकलो, त्यांत हात बसला, पण मराठी पान काही पुन्हा हाताखाली आलं नाही. नंतर ऑफसेट आलं आणि खिळे वजनावर भंगारात गेले. सुट्टीला बेळगावला येताना मी कधीकधी मुद्दाम निपाणीपर्यंत जाऊन यायचो. स्टँडवर चहा प्यायचो आणि परत फिरायचो. विडीचं बंडल दिसलं की लेबलाची तळाची ओळ बघायची खोड मात्र राहिली. तिथं छापखान्याचंच नाव असायचं.

लग्न राहूनच गेलं. आप्पांचं म्हणणं मी मनावर घेतलं नाही. आता पुन्हा अनगोळातच राहतो. खोलीत एक आरसा आहे, दाढीपुरता. ती मुलगी आता पन्नाशीच्या पुढं असेल. तिची आई आली की नाही मला माहीत नाही. तिनं माझ्या उत्तराची किती दिवस वाट बघितली असेल, याचा विचार मी करू नये असं ठरवतो आणि करतो. प्रत्येक नव्या गठ्ठ्यातलं पहिलं लेबल उचलून ती तळाशी बघत असेल. काही नाही म्हणून तसंच डकवत असेल. आणि आरशासमोर रडू दाबत असेल, का, तर तिला दिसेल म्हणून. माझ्यामुळं.

हे लिहायला घेतलं तेव्हा पानं किती हवीत असं कुणी विचारलं नाही. खाली भरपूर जागा आहे.

शंका : आरशात बघताना रडायचे नसते का?

उत्तर : रडावे. आरशासमोर बसूनच रडावे. तिला दिसू दे.